तिसरं वारूळ

डॉक्टर आठल्ये गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी ओसरीवर तांदूळ पाखडत बसले होते. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच काय ते कळलं. कोण, एवढंच कळायचं बाकी होतं. अक्षर त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं. ‘आमचा गोविंद गेल्या गुरुवारी गेला. फार त्रास झाला नाही. तुम्हाला कळवायला त्यानेच सांगून ठेवलं होतं.’ असली कार्डं वाचून लगेच फाडून टाकायची असतात, घरात ठेवायची नसतात. मी ते पुन्हा वाचलं आणि सूप बाजूला सारून तशीच बसून राहिले. चिमण्यांनी सुपातले निम्मे तांदूळ संपवले. त्यांना हाकलावंसंही वाटलं नाही…

याला आता सहा आठवडे झाले. वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी चार ओळी आल्या होत्या. जीवशास्त्राचे प्राध्यापक, विद्यार्थ्यांचे आवडते, मितभाषी, अविवाहित. सगळं खरं आहे. पण मी ज्यांना ओळखत होते ते डॉक्टर या चार ओळींत मला कुठे सापडले नाहीत. माझे डॉक्टर मुळशीच्या धरणाकाठी वारुळापुढे अनवाणी मांडी घालून, डोळे मिटून बसलेले असत. त्यांचं मी एक मोठं नुकसान केलं आहे. ते मी बारा वर्षं पोटात ठेवलं, आणि आता ठेवायची इच्छा नाही. म्हणून हे लिहायला बसले.

तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. आमचे हे मुळशीच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या शेडगेवाडीत शाळामास्तर होते. शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत चार इयत्ता आणि दुसऱ्या खोलीत आम्ही. मी पुण्याची, शनिवारातली. लग्न होऊन तिकडे गेले तेव्हा पहिले सहा महिने मी फक्त धुकं पाहिलं. सकाळी दार उघडावं तर समोर काही नाही. धरण नाही, डोंगर नाही, शाळेची घंटासुद्धा नाही. मग हळूहळू एकेक वस्तू परत यायची. आधी आंब्याचा शेंडा, मग पाण्याची एक पट्टी, मग पलीकडचा डोंगर. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बुडालेल्या जुन्या गावाची जोती वर यायची, देवळाचा कट्टा दिसायचा, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या बायका काठावर उभ्या राहून हात करून दाखवायच्या… हे आमचं घर, ही विहीर, हितं चिंच व्हती. मला त्या रिकाम्या चिखलात काही दिसत नसे. त्यांना मात्र चिंचेची सावलीसुद्धा दिसत असावी.

अशा जागी एका ज्येष्ठात डॉक्टर आले. पौडपर्यंत एसटीनं, पुढे एका बैलगाडीतून. गाडीत दोन लाकडी पेट्या, आणि तिसरी पेटी स्वतःच्या मांडीवर, कारण तिच्यात सूक्ष्मदर्शक होता. उंच, थोडे पोक काढून चालणारे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांना वारुळं हवी होती. माण, चांदे, लवळ्याकडची माळरानं ते महिनाभर पालथी घालून आले होते, पण तिथे नांगर फिरलेले. आमच्याकडे रानात वारुळंच वारुळं. यांनी शाळेमागची पडवी त्यांना दिली आणि माझ्याकडे जेवणाची सोय लावून टाकली. मला विचारलं नाही. मास्तर लोक वर्गात विचारतात, घरात विचारत नाहीत.

डॉक्टर म्हटल्यावर वाडीला वाटलं, औषधाचा डॉक्टर. दुसऱ्या दिवशी पडवीपुढे खोकणारी दोन म्हातारी माणसं आणि एक लंगडती शेळी येऊन बसली. डॉक्टरांनी सगळ्यांची मनापासून चौकशी केली, शेळीचा पायही पाहिला, आणि मग फार ओशाळून सांगितलं की आपण वाळवीचे डॉक्टर आहोत. वाळवीला बरं करायचं की मारायचं, असं एकानं विचारलं. त्यावर ते म्हणाले, “दोन्ही नाही. ती काय खाते ते बघायचंय.” ही गोष्ट वाडीत आठवडाभर पुरली.

ते काय बघतात ते मला कळलं त्याला कारण माझी चूल. त्यांना काचेच्या थाळ्यांत घालायला एक प्रकारचं खाद्य शिजवावं लागे. उकडलेल्या बटाट्याचं पाणी, साखर आणि चायनाग्रास. ते गार झालं की खरवसासारखं थिजायचं. पहिल्यांदा त्यांनी ते स्वतः करायचा घाट घातला आणि माझं पातेलं करपवलं. मग मीच करू लागले. “वहिनी, यात वेलची घालायची नाही बरं का,” असं ते मला दर वेळी बजावायचे, जणू मी घालणारच होते. खरं सांगायचं तर एकदा हात डब्याकडे गेला होता.

त्या खाद्यावर ते वारुळातले अदृश्य जीव पेरत, आणि चार दिवसांनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवत. वारुळाच्या पोटात वाळवीची शेती असते, हे मला त्यांनी सांगितलं. पालापाचोळा, लाकूड चावून आणायचं, त्याची पोळ्यासारखी मऊ बैठक रचायची आणि तिच्यावर बुरशी वाढवायची. खसखशीसारखे पांढरे दाणे येतात, ते सगळ्यांनी मिळून खायचे. पावसाळ्यात वारुळावर एका सकाळी जी अळंबी उगवतात आणि आपण भाजी करून खातो, ती याच शेतीची. वाळवीला ते ‘मंडळी’ म्हणत. मंडळी आज कामात आहेत, मंडळी रुसली आहेत. पण त्यांचा सगळा जीव एका प्रश्नात अडकला होता. ती बैठक वारुळातून बाहेर काढून ठेवली की चार दिवसांत तिच्यावर काळी बुरशी माजते, काळ्या काड्या उभ्या राहतात आणि पांढरं पीक मरतं. मग आत, वारुळात, ती काळी का येत नाही? तण कोण काढतं? डॉक्टरांचं म्हणणं असं की वाळवीच्या पोटात आणि लाळेत जे जिवाणू राहतात तेच हे काम करतात. किडा, बुरशी आणि जिवाणू, तिघांचा मिळून एक संसार. “हे मला सिद्ध करायचंय, वहिनी,” ते म्हणायचे आणि भाकरीचा तुकडा आमटीऐवजी पाण्याच्या भांड्यात बुडवायचे.

पहिल्या वर्षीच त्यांची हौसाबाईंशी गाठ पडली. हौसाबाई शेडगे म्हणजे वाडीतलं सगळ्यात जाणतं माणूस. ज्या माळावर वारुळं होती तो त्यांचा. नागपंचमीच्या दिवशी डॉक्टर कुदळ घेऊन माळावर निघाले. त्यांना पंचांगाची आठवण कुठली? हौसाबाईंनी बांधावरच अडवलं.

“आज माती उकरायची न्हाई, डाक्टर. आज चिरायचं न्हाई, तवा ठिवायचा न्हाई. नागोबाला लागतं.”

मला वाटलं, आता डॉक्टर शास्त्र सांगत बसणार. पण त्यांनी कुदळ खाली ठेवली, वहाणा काढल्या, आणि दिवसभर वारुळापुढे नुसते बसून राहिले. संध्याकाळी आले ते खुशीत. पावलांची धमक नसली की मंडळी बिनधास्त हिंडतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं. मग रोजचाच परिपाठ झाला. वहाणा लांब काढायच्या, मांडी घालायची, डॉक्टरांची ती छाती तपासायची नळी वारुळाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. आतले शिपाई डोकी आपटून एकमेकांना इशारा देतात म्हणे. मलाही त्यांनी एकदा ऐकवलं. मातीच्या आत खोल कुठे तरी वाळक्या शेंगेत बिया हलाव्यात तसा आवाज… थांबे, पुन्हा येई. भोवती पाऊस, धुकं, धरणाचं पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नाही, आणि त्या सगळ्याच्या पोटात ही खुळखुळ. वयाची बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं झाली आता, पण तेवढी शांतता मला पुन्हा मिळालेली नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी तीन वारुळं निवडली. पहिल्या दोहोंत ते निरनिराळी औषधं घालून आतले जिवाणू मारायचे आणि पिकाचं काय होतं ते पाहायचे. तिसऱ्याला मात्र हात लावायचा नाही. दोन पावसाळे ते जसंच्या तसं राहू द्यायचं आणि तिसऱ्या वर्षी भाद्रपदात उघडायचं. “ते आपलं माप,” त्यांनी मला समजावलं. “या दोहोंत जे बिघडलं ते माझ्या औषधानं बिघडलं, का एरवीही बिघडलं असतं, हे कशावरून सांगणार? तिसऱ्यावरून. तिसरं चोख पाहिजे.” तिन्हींवर पावसाच्या माऱ्यासाठी पानांची छपरं घातली. तिसऱ्याभोवती चुना लावलेल्या दगडांचं कडं केलं आणि वाडीला सांगितलं, की याच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही.

आता तुम्हीच सांगा, वाडीनं काय समजावं? एका वारुळाला डॉक्टर कुदळ लावतात, दुसऱ्याला लावतात, पण तिसऱ्याला मुंगीएवढाही धक्का लावत नाहीत. त्याच्यावर छप्पर, भोवती पांढरे दगड, आणि पुढे हा शिकलेला माणूस अनवाणी, डोळे मिटून रोज तासतासभर बसतो. शास्त्रात ज्याला माप म्हणतात त्याला वाडीत देवस्थान म्हणतात. गुराखीसुद्धा तिथून जाताना वहाणा काढू लागले. डॉक्टरांना वाटायचं, लोक किती समजूतदार आहेत.

तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात ते पुण्याला गेले. काचेची भांडी संपली, चार-पाच दिवसांत येतो, असं सांगून गेले. जाताना मला म्हणाले, “वहिनी, तिसऱ्याकडे लक्ष ठेवा. महिन्याचाच प्रश्न आहे.” तो महिना त्यांच्या दृष्टीनं सगळं काही होता. ज्या संस्थेनं त्यांना पाठवलं होतं तिनं तेवढीच मुदत दिली होती. त्या पावसाळ्यात निकाल हाती आला तर काम पुढे चालणार होतं, नाही तर पेट्या बांधायच्या. हे मला पक्कं ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

त्या दिवसांत माझा धाकटा भाऊ वसंता क्षयानं सॅनेटोरियममध्ये होता. आई-वडील नाहीत, आम्ही दोघंच. वय वर्षं बावीस. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, भावाच्या उपासाच्या दिवशी, त्याचं पत्र आलं. दुसऱ्या फुप्फुसालाही लागण झाली होती. नवं इंजेक्शन मिळालं तर आशा आहे, पण ते मिळत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेवटी त्यानं लिहिलं होतं, ‘ताई, उपास करू नकोस, तुला पित्त होतं.’ मी उपास केला. आणि दुसऱ्या दिवशीही मला अन्न गेलं नाही.

नागपंचमीला सकाळी हौसाबाई आणि वाडीतल्या पंधरा-वीस बायका ताटं घेऊन आल्या. लाह्या, दूर्वा, आघाडा, हळदीकुंकू, लोट्यांत दूध. मी माळावर उभीच होते.

“मास्तरीणबाई,” हौसाबाई म्हणाल्या, “आमचं नागोबाचं वारूळ धरणात गेलं. म्या लगीन हून आले त्या वर्सापासनं त्येचीच पूजा. त्ये गेलं, तवापासनं पाटावर नाग काढतुया आमी. पाटाला काय कळतंय? ह्ये देवानं दिलंय, तर हितं करू दे.”

मी त्यांना सांगितलं की डॉक्टरांनी दगडांच्या आत जायला मनाई केली आहे, दूध तर अजिबात ओतायचं नाही. वाटलं होतं, वाद होईल. पण हौसाबाईंनी मान हलवली. “डाक्टर म्हनला न्हाई, तर न्हाई. भाईरनं करू.” आणि खरोखर त्यांनी दगडांच्या बाहेर लाह्या वाहिल्या, दूध पळसाच्या द्रोणांत ठेवलं. फेर धरला, गाणी म्हटली. कुणाचंही पाऊल आत पडलं नाही. हे मी शपथेवर सांगते. एक म्हातारी रडत होती. तिला विचारलं तर म्हणाली, तीस वर्सांनी माहेरी आल्यागत झालं.

दुपारी त्या घरी गेल्या. पाऊस थांबला होता आणि माळावर पांढरं धुकं बसलं होतं. मी घरी गेले. चुलीवर पुरणाचे दिंड होते, ते उतरवले. कोनाड्यात वसंताचं पत्र होतं. मी दुधाचा तांब्या घेतला, त्यात चिमूटभर हळद टाकली, आणि परत माळावर गेले. दगडाशी थांबले. डॉक्टरांचा आवाज मला आठवत होता, ‘तिसरं चोख पाहिजे’. मी शिकलेली बाई आहे. आत नाग नाही, वाळवी आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी मी चपला काढल्या, दगड ओलांडला, आणि वरच्या तोंडातून सगळा तांब्या आत ओतला. माझ्या वसंताला वाचव, एवढंच म्हटलं. दूध आत जाताना आवाज झाला नाही. माती ते पीत गेली…

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. चिखलानं माखलेले, दाढी वाढलेली, आणि चेहरा असा उजळलेला की मी पाहतच राहिले. काचेची भांडी त्यांनी आणलीच नव्हती. “वहिनी, वसंताचं दुखणं तुमच्याकडून कळल्यापासून हे डोक्यात होतं. आधी सांगितलं नाही, कारण जमेल की नाही खात्री नव्हती. मुंबईला माझा एक मित्र आहे औषधांच्या व्यवहारात. वसंताच्या सुयांची सोय झाली. पूर्ण कोर्सची. मी स्वतः सॅनेटोरियममध्ये देऊन आलो, पहिली सुई टोचलेली बघून आलो.” मग हसून म्हणाले, “आणि गंमत बघा, हे स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्याच एका जिवापासून काढतात. आपलीच मंडळी.”

मी मटकन खाली बसले. त्यांना वाटलं, आनंदानं. आनंद होताच. पण तो माणूस माझ्या भावासाठी वणवण करत होता, तेव्हा मी… त्या क्षणी सांगितलं असतं तर सुटले असते. तो क्षण गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माळावरून लवकर परतले. “तिसऱ्याला आंबूस वास येतोय,” एवढंच म्हणाले. महिना थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याच दिवशी उघडलं. दक्षिणेकडच्या खोल्या ओल्या आणि नासलेल्या. पांढरे दाणे नाहीत. काळ्या काड्या. आणि मंडळींनी काय केलं होतं, तर त्या खोल्यांची दारं आतून चिखलानं लिंपून बंद केली होती आणि उरलेल्या अर्ध्या वारुळात पीक तसंच चालू ठेवलं होतं. डॉक्टर कितीतरी वेळ ते लिंपण बोटानं चाचपत बसले होते. “पाहिलंत?” ते मला म्हणाले. “किती लवकर केलं.” राग नव्हता त्या आवाजात. कौतुक होतं, आणि त्याच्याखाली दमलेपण. माप मात्र गेलं होतं.

यांनी मला विचारलं, कुणी केलं? मी म्हटलं, “बायका आल्या होत्या पूजेला.” खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. यांनी हौसाबाईंना शाळेत बोलावून चांगलं फैलावर घेतलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “आमी दगडाच्या आत पाय ठिवला न्हाई, मास्तर.” कुणी विश्वास ठेवला नाही. चार दिवसांनी विहिरीवर त्या मला भेटल्या. घागर माझ्या कमरेवर चढवून देताना विचारलं, “बाई, भाऊ कसा हाय तुमचा?” मी म्हटलं, बरा आहे. “मग झालं तर,” म्हणाल्या, आणि निघून गेल्या. त्यांना कळलं होतं. मरेपर्यंत त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही, आणि मी त्यांना तो काढायला लावण्याइतकीही धीट नव्हते. वाडीत अजून त्यांचं नाव त्या वारुळाशी जोडतात. ते नाव चुकीचं आहे, हे मला इथे जाहीरपणे सांगायचं आहे.

संस्थेतले वरिष्ठ म्हणाले होते, तिसरं वारूळ सोडून द्या, दोहोंवरच निबंध लिहा, कोण विचारतंय? डॉक्टरांनी लिहिला नाही. “तिसरं चोख नाही, तर त्या दोहोंविषयी मी काय सांगू?” असं म्हणाले. मुदत संपली. दिवाळीच्या आत त्यांनी पेट्या बांधल्या, आणि पुढे पुण्यात एका महाविद्यालयात मुलांना बेडूक आणि झुरळं शिकवली. चांगली शिकवली असणार. पण वारुळापुढे बसलेला तो चेहरा मला पुन्हा दिसला नाही. वर्षातून दोन-तीनदा त्यांचं कार्ड यायचं. ‘मंडळी कशी आहेत? अळंबी कधी आली? वसंताला नोकरी लागली का?’ मी उत्तरं लिहायची आणि दर वेळी शेवटची ओळ लिहायची राहायची.

यांची बदली झाली, मग आम्ही पौडला घर केलं. गेल्या माघात अक्कांचं पत्र आलं, की गोविंदाचं हृदय दुबळं झालं आहे, तपासणाऱ्या डॉक्टरांनी हालचाल बंद केली आहे. मी यांना न सांगता एकटीच एसटीत बसले. सदाशिवातली माडीवरची खोली, खिडकीशी पलंग. ते इतके वाळले होते की पांघरुणाखाली माणूस आहे का, असं वाटावं. मला पाहून उठायला लागले. मी उठू दिलं नाही, आणि स्टुलावर टेकायच्या आधीच, उभ्याउभ्या, बोलून टाकलं.

“डॉक्टर, तिसऱ्या वारुळात दूध मी ओतलं होतं. बायकांनी नाही. मी.”

खाली रस्त्यावर भांड्यांना कल्हई करणारा ओरडत गेला. मला वाटलं, आता रागावतील. किंवा ‘जाऊ द्या वहिनी’ म्हणतील, आणि ते ऐकायची मला जास्त भीती होती.

“किती?” त्यांनी विचारलं.

मला कळेचना.

“दूध किती होतं? त्या ट्रंकेत वरच निळी वही आहे, द्या बरं.”

मी वही दिली. त्यांनी उशीला टेकून पानं उलटली. वारुळांची चित्रं, तारखा, बारीक अक्षरातले रकाने. एका पानाशी थांबले. त्या तारखेपुढची जागा कोरी होती, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘वाडीतल्या बायका?’

“एक तांब्या,” मी म्हटलं. “आमच्या नेहमीच्या तांब्यानं. काठोकाठ.”

“गाईचं?”

“म्हशीचं.”

“तापवलेलं?”

“नाही. निरसं. आणि चिमूटभर हळद.”

“हळद,” ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे असे काही चमकले की क्षणभर मला मुळशीचं धुकं दिसलं. “म्हणून कडेच्या खोलीत काळी उशिरा आली. मला तो उलगडा होत नव्हता. वेळ?”

“दुपारची. बायका गेल्यावर तासाभरानं.”

ते लिहीत होते. एकेका अक्षराला वेळ लागत होता. मग खोडरबर मागितलं आणि कोपऱ्यातली पेन्सिलीची ओळ पुसून टाकली, इतकी नीट की कागदावर काही उरलं नाही. शेवटच्या रकान्याशी थांबले. वर छापलेलं होतं, परिणाम.

“वसंता कसा आहे आता?”

“बरा आहे,” मी म्हटलं. “दोन मुलं आहेत. धाकटी त्याला पळवून पळवून दमवते.”

त्यांनी लिहिलं. मी वाकून पाहिलं. ‘दक्षिणेकडचं पीक गेलं. भाऊ बरा झाला.’

“हे शास्त्रात बसतं का, डॉक्टर?” मी विचारलं. मी रडत होते.

“ते पुढचे बघतील. झालं ते लिहायचं.” त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि पेन पुढे केलं. “सही करा, वहिनी. नोंद तुमची आहे.”

मी खाली सही केली. ‘वहिनी’ किंवा ‘मास्तरीणबाई’ नाही, माझं स्वतःचं नाव, यमुना. अक्षर वाकडं आलं आहे. त्यांनी शाईवर फुंकर घातली, वाळेपर्यंत वही उघडी धरली, आणि मग मिटली.